किनाऱ्यावर चालायची आणि सायकलची वाट: गावाचा पाठिंबा कसा मिळवायचा?

पुळणवाट (प्रश्न)

वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या आमच्या गावात जेटीपासून खाडीच्या तोंडापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर चालायला आणि सायकलला वाट व्हावी, असा प्रयत्न चालू आहे. क्रमाने सुरूचं बन, गाबीतवाडी (मच्छीमारांची वस्ती), माडांच्या वाड्या आणि शेवटी खारफुटी. ऑनलाइन सह्या भरपूर जमल्या, पण ग्रामसभेत विषय निघाला की रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढणारे मच्छीमार) आणि वाडीवाले (माडांच्या बागांचे मालक) दोघेही विरोधाला उठतात. या सह्यांना काही वजन आहे का? ठराव कसा लिहायचा? आणि सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) पक्की वाट बसते का?

खाडीकाठ

ऑनलाइन सह्यांचा उपयोग बातमीपुरता. ग्रामसभेत गावच्या मतदार यादीतलं नाव मोजलं जातं, म्हणून कागदावर नाव, वाडी, यादीतला अनुक्रमांक आणि सही घ्या. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी संख्या. नोटीस किमान 7 दिवस आधी लागते, त्यामुळे विषय पत्रिकेवर घ्यायचा लेखी अर्ज त्याआधीच देऊन पोच घेऊन ठेवा. "ऐनवेळच्या विषयात" मंजूर झालेला ठराव पुढे कोणीही हरकत घेऊन अडवू शकतो.

मुंबईकर चाकरमान्यांचं मत गावात नसलं तरी सातबाऱ्यावर त्यांची नावं असतात. त्यांच्याशी बोलायचं तर चतुर्थीला किंवा शिमग्याला, कारण घरातले सगळे हिस्सेदार एकत्र सापडतात ते तेव्हाच.

"किनारी मार्गास पाठिंबा" एवढ्या एका ओळीच्या ठरावाने काही साधत नाही. वाट नक्की कुठून जाणार हे माहीत नसेल तर प्रत्येकाला ती आपल्याच अंगणातून जाणार असं वाटतं. सर्व्हे नंबर, रुंदी, कशाची बांधणार, मोटारसायकलला बंदी, झाडलोट कोणाकडे, हे सगळं ठरावात हवं. आणि त्याआधी सगळी रेषा चुना टाकून, बांबू रोवून जागेवर दाखवा. आषाढ-श्रावणात अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस मोठं उधाण असतं. त्या दिवशी पाणी कुठवर आलं ते खुणा करून ठेवा. मे महिन्यात आखलेली रेषा निम्म्या ठिकाणी पाण्यात दिसेल.

रापण-दोर

रापणकरांचा विरोध वाटेला म्हणून नसतो. रापणीचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात आणि ओढणारी माणसं मागे मागे सरकत पुळणीच्या (वाळूच्या किनाऱ्याच्या) वरच्या अंगाला येतात. तिथे सहा इंचांचा कठडा आला की पाय अडखळतो, आणि ओंडक्यांवरून वर घ्यायची होडीही तिथेच अडते. पावसाळ्यात होड्या चुडतांनी (माडाच्या झावळ्यांनी) शाकारून जिथे ठेवतात, वाटेची रेषा नेमकी त्याच सपाट पट्ट्यावर पडते. मासळी सुकवायची जागाही तीच.

म्हणून गाबीतवाडीपुरती वाट समुद्राच्या बाजूने नेऊच नका, मागच्या रस्त्यावर घ्या. किनाऱ्यावरचा तो तुकडा मोकळाच राहू दे. होड्यांच्या जागा नकाशावर दाखवून मच्छीमार सोसायटीचं पत्र ठरावाला जोडा. हे पत्र हातात आल्यावरच बाकीच्यांकडे जावं असं माझं ठाम मत आहे.

चिरेबंदी

सीआरझेडबद्दल. 2019 च्या अधिसूचनेत विरळ वस्तीचा ग्रामीण किनारा तीन-ब या वर्गात येतो आणि भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. तरीही तात्पुरत्या पर्यटन सुविधा म्हणून इंटरलॉकिंग ब्लॉकच्या पायवाटा, बसायच्या जागा, स्वच्छतागृहं यांना तिथे वाव आहे, भरतीरेषेपासून किमान 10 मीटर सोडून. परवानगी लागतेच, आणि काम मंजूर किनारा आराखड्यात बसलं पाहिजे. भरतीरेषा तुमच्या डोळ्यांना दिसते ती नव्हे, आराखड्याच्या नकाशावरची धरायची.

खारफुटीत शिरू नका. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशाने खारफुटीभोवती 50 मीटरचा पट्टा राखीव आहे आणि सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. शेवटच्या तुकड्यासाठी अख्खा प्रकल्प अडकवण्यापेक्षा वाट अलीकडेच गावरस्त्याला मिळवा. वाळूच्या टेकड्या तोडून सपाटी करायची नाही. मर्यादवेल आणि केवडा निघाला की पहिल्याच पावसात वाळू सरकते आणि तिच्याबरोबर वाटही. वायंगणी, तांबळडेगसारखी कासवं येणारी पुळण असेल तर समुद्राकडे दिवे नकोत.

आता बांधकाम. चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतील तर रुंदी 3 मीटर धरा. सुरूच्या बनात 2.5 चालेल. माती 25 सेंटीमीटर काढून खाली जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड), त्यावर 15 सेंटीमीटर जांभ्याची खडी दाबून, मग 3 सेंटीमीटर जाड वाळू आणि वर 60 मिलिमीटरचे ब्लॉक. दोन्ही कडांना चिरे (जांभ्याचे घडीव दगड) जमिनीबरोबर गाडायचे, वर काढायचे नाहीत. कड धरलेली नसली की ब्लॉक बाजूला सरकतात, सांध्यातली वाळू वाहते आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाट लाटांसारखी होते. सायकल तिथेच घसरते. वर जांभ्याची फरसबंदी सुंदर दिसते, पण पावसात शेवाळ धरते, सायकलला धोक्याची.

या वाटेत लोखंड घालूच नका. साकवाला (छोट्या पुलाला) घालावंच लागतं. तिथे समुद्राचे तुषार लागत असतील तर आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे एम 35 प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर 50 मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर), भरतीच्या पाण्यात उभा खांब असेल तर एम 40 आणि 75 मिलिमीटर. पुळणीची खारी वाळू काँक्रीटमध्ये गेली तर सळई आतून गंजून काँक्रीट फोडते. वाळू कुठून येते ते ट्रकजवळ उभं राहून बघा.

वाडीवाल्यांना सगळ्यात जास्त भीती पाण्याची. वाट बांधासारखी उंच झाली की व्हाळीचं (लहान ओढ्याचं) पाणी वाडीतच तुंबतं. पाइप पाचोळा आणि वाळूने बुजतात. व्हाळीवर उघडा साकव द्या, नाहीतर वाट खाली उतरवून फरशी (पाणी वरून जाईल असा पक्का सपाट भाग) करा.

पुळणवाट

पाण्याचं कोणी बोललंच नव्हतं, फक्त "जमीन देणार नाही" एवढंच. गडगा (दगडी कुंपण) मागे घ्यायला कोणी तयार नाही, आणि सातबारे सामाईक, एकेकावर पंचवीस-तीस नावं.

खाडीकाठ

मग जमीन मागूच नका. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा आणि त्यावर जुनी पाणंद किंवा सरकारी पट्टा आहे का ते बघा. एका भावाने स्टॅम्प पेपरवर दिलेली संमती सामाईक जमिनीत टिकत नाही, सगळ्या हिस्सेदारांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र लागेल. जुनी वहिवाट कोणी नव्याने अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. महसूल संहितेचं कलम 143 यात आणू नका, ते शेतकऱ्याला आपल्या शेतात जायच्या वाटेसाठी आहे.

वाडीवाल्यांकडून दोनच गोष्टी लिहून घ्या: बेडं (कुंपणातलं फाटक) कुठे हवं आणि पाण्याला वाट कुठे हवी. त्या नकाशावर चढवून त्यांच्यासमोरच सही घ्या. माडाखालून रेषा जात असेल तर ती तिथेच बाजूला सरकवा, नारळ कोणाच्या डोक्यात पडला तर जबाबदार कोण हा प्रश्न सभेत येणारच.

चिरेबंदी

एक राहिलं. दोन्ही तोंडांना खांब हवेत, मधलं अंतर 1.2 मीटर, म्हणजे व्हीलचेअर आणि सायकल जाईल, जीप पुळणीवर उतरणार नाही. मधला खांब कुलपाचा ठेवा. किल्ली ग्रामपंचायतीत एक आणि मच्छीमार सोसायटीत एक, रुग्णवाहिका आणि होडीचं इंजिन न्यायला. मोटारसायकल या फटीतूनही शिरते, तिला खांब अडवत नाहीत, दंडाचा वेगळा ठरावच लागेल.