२७ इंची फोरके मॉनिटर लॅपटॉपला जोडलाय, माउस अडखळतो आणि लाल अक्षरं फुटतात, काय करावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरूनच मुद्रितशोधन आणि पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. आत्तापर्यंत लॅपटॉपच्या १५ इंची स्क्रीनवरच भागवत होते, पण डेमी आकाराच्या पुस्तकाची दोन पानं समोरासमोर घेतली की अक्षर इतकं बारीक होतं की वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार आहे की धुळीचा कण, काही कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, म्हणून शेवटी २७ इंची फोरके मॉनिटर घेतला. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, साधाच, काही वर्षं जुना. एक एचडीएमआय, एक टाइप-सी, दोन साधे यूएसबी, आणि चार्जर वेगळा गोल पिनचा.

आता अडचण ऐका. एचडीएमआयने थेट जोडला की चित्र येतं, पूर्ण रिझोल्यूशन पण दिसतं, पण माउस उड्या मारत जातो आणि पान सरकवताना ओळी थरथरतात. दुकानदार म्हणाला हब घ्या, म्हणून टाइप-सीचा हब घेतला, एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही असलेला, तरी तेच. मग घरात पडून असलेला २२ इंची जुना मॉनिटर, फक्त व्हीजीएवाला, तो हबला लावला तर दोन्हीकडे एकच चित्र येतं आणि मोठ्याचं रिझोल्यूशनही खाली जातं. भाच्याने ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये शिरून एचडीएमआयवरच ६० हर्ट्झ आणून दिलं, माउस झक्कास झाला, पण आता पीडीएफवरच्या माझ्या लाल खुणा कडेने पसरल्यासारख्या दिसतात, काळं अक्षर त्यामानाने बरं. आणि आतल्या खोलीत मिक्सर सुरू केला की मॉनिटर क्षणभर काळा होऊन परत येतो.

दुकानदार म्हणतो मॉनिटर बदलून घ्या. खरंच मॉनिटरच खराब आहे का? परत करायची मुदत संपायच्या आत ठरवायचंय.

तिसरा_मजला:
ताई मॉनिटर अजिबात परत करू नका, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मॉनिटरचा दोष असावा असं एकही नाहीये. सगळं मधल्या रस्त्यात अडकलंय.

आधी एक करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वरती मॉनिटर निवडायचा, खाली रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येतं ते, हर्ट्झमध्ये) आणि कलर फॉरमॅट असं लिहिलेलं दिसेल. माझा अंदाज, भाच्याने बदल करायच्या आधी तिथे ३० हर्ट्झ असणार आणि आता ६० हर्ट्झ पण कलर फॉरमॅटमध्ये वायसीबीसीआर ४२० असं काहीतरी.

कारण सांगतो. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. एकेका ठिपक्याला २४ बिट आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा, म्हणजे नुसत्या चित्राचेच सेकंदाला १२ गिगाबिट झाले. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपना एचडीएमआय १.४ असतं, ते २००९ चं. त्याची एकूण क्षमता १०.२ आणि त्यातली चित्राच्या कामी येणारी साधारण ८, मग १२ बसणार कसे? अर्ध्या वेळा पाठवलं तर ६ मध्ये मावतं, म्हणून लॅपटॉप काही न बोलता ३० वर येतो आणि आपल्याला वाटतं माउस बिघडला. एचडीएमआय २.० ला १८ गिगाबिट जातात, तिथे हा प्रश्न येत नाही, पण लॅपटॉपचा पोर्टच जुना असेल तर तार कितीही भारी घ्या, काही फरक पडत नाही, ते सोन्याचा मुलामा वगैरे सगळं बाजूला ठेवा.

भाच्याने जे केलं त्यात ६० वेळा पाठवायला जागा करण्यासाठी रंगाची माहिती कापली गेली. ४२० मध्ये प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा जातो पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच जातो. सिनेमा बघताना कळतही नाही, पण बारीक लाल अक्षर पांढऱ्या कागदावर असेल तर कडा पसरणारच. काळ्या अक्षरात रंगच नाही म्हणून ते बरं दिसतं. मुद्रितशोधनाला हे चालणारच नाही, तिथे आरजीबीच पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण जाणारा.

आता हबचं. टाइप-सीमध्ये वेगाने डेटा नेणाऱ्या तारांच्या चार जोड्या असतात. हब त्यातल्या दोन यूएसबीला ठेवतो आणि दोन चित्राला देतो, म्हणून बऱ्याच हबवर फोरके मोठ्या अक्षरात आणि ३० हर्ट्झ बारीक अक्षरात छापलेलं असतं, खोक्यावर बघा. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घेतली की चारही जोड्या चित्राला मिळतात आणि ६० हर्ट्झ आरामात जातं. मॉनिटरच्या मागे डिस्प्लेपोर्ट बहुतेक असेलच, बघून घ्या, एक कोपरा कापलेला असतो तो.

फक्त एक सांगा, हब लावताना काही ड्रायव्हर टाकायला लागला होता का? ड्रायव्हरवाले हब चित्र यूएसबीच्या डेटातून नेतात. नसेल तर तुमच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर पडतंय हे सिद्धच झालं, कारण सगळ्या लॅपटॉपच्या टाइप-सीमधून ते निघत नाही, काहींना नुसता डेटा नाहीतर चार्जिंगच असतं आणि लोक केबल घेऊन फसतात.

कृष्णाकाठ:
बाप रे, किती नीट सांगितलंत. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये अगदी तेच, ६० हर्ट्झ आणि वायसीबीसीआर ४२०. हबला ड्रायव्हर काही टाकला नव्हता, लावला आणि चित्र आलं. खोक्यावर खरंच बारीक अक्षरात ३० हर्ट्झ आहे. केबल मागवते. मग जुन्या मॉनिटरचं काय करू?

तिसरा_मजला:
मग काम झालंच. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल मोठ्या मॉनिटरला, आणि लॅपटॉपचं एचडीएमआय मोकळं झालं ते जुन्या मॉनिटरला. मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, आत चिप असलेला, छोट्या डबीसारखा येतो. नुसती दोन टोकांची वायर मिळते ती घेऊ नका, एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग, चिपशिवाय चित्र येत नाही. दोन पोर्ट वेगळे म्हणजे दोन चित्रं वेगळी. हबमध्ये एकच चित्र आत जात होतं आणि तो तेच दोघांना वाटत होता, कमी ताकदीच्या मॉनिटरला झेपेल त्या रिझोल्यूशनवर आणून. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये आयडेंटिफाय करून टेबलावर जसे ठेवलेत तसे ते चौकोन ओढून लावा, नाहीतर माउस उजवीकडे न्यायचा तर डावीकडून बाहेर पडतो.

पानोपानी:
मी पण मांडणीच करतो, कोल्हापुरात, म्हणून राहवलं नाही. ताई, जुना मॉनिटर लावायची घाई करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. २७ इंची स्क्रीनची रुंदी जवळपास ५९८ मिलिमीटर आणि उंची ३३६. डेमीची दोन पानं समोरासमोर म्हणजे २८० रुंद, २१६ उंच. शेजारी मूळ हस्तलिखिताचं ए-फोर पान पूर्ण आकारात ठेवलं तरी २१० च लागतात. सगळं मिळून ४९०, म्हणजे खऱ्या आकारातली दोन पानं, मूळ प्रत आणि वर पॅलेटला चार बोटं जागा, हे एकाच स्क्रीनवर. पट्टी लावून बघा, शंभर टक्क्यावर पान खरंच कागदाएवढं दिसतंय का, नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये झूम जुळवून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यातल्या फॅन्सीझोन्सने स्क्रीनचे हवे तसे कप्पे पाडता येतात.

आणि स्केलिंग, म्हणजे अक्षरं-आयकॉन मोठे करून दाखवायचं प्रमाण, १५० टक्केच ठेवा, कमी करून जास्त मावेल असा मोह होतो पण नको. १५० वर जागा २५६० गुणिले १४४० एवढीच मिळते, पण अक्षर रेखायला ठिपके मात्र फोरकेचे सगळे वापरले जातात. इंग्रजीला कमी ठिपके चालून जातात हो, आपल्याकडे एकाच अक्षरावर रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात, 'सर्वांचं' मधला र्वां बघा, २४ इंची साध्या फुलएचडीवर तिथे नुसता ठिपक्यांचा पुंजका होतो. इंचाला साधारण ९२ ठिपके असतात तिथे आणि तुमच्या मॉनिटरवर १६३. आपल्या कामाला हा फरक पैसे मोजण्यालायक आहे, तुम्ही योग्य वस्तू घेतलीय.

जुनी सॉफ्टवेअरं मात्र त्रास देतील. आमच्याकडे अजून काही प्रेसवाले पेजमेकर ७ च्या फायली पाठवतात, ते २००१ चं, त्या काळात असल्या स्क्रीन कुठे होत्या. तिथे आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि तिथे ओव्हरराइडच्या खाली सिस्टिम किंवा सिस्टिम एन्हान्स्ड करून बघायचं. जरा धूसर दिसेल पण निदान टूलबार मुंगीएवढा राहत नाही.

गोदावरी_काठची:
पानोपानी यांच्याशी अर्धी सहमत. पानं एका स्क्रीनवर हे बरोबरच, पण शब्दकोश, ईमेल आणि लेखकाचे व्हॉट्सॲपवर आलेले बदल बाजूच्या स्क्रीनवर ठेवले तर कामाच्या पानावरचं लक्ष तुटत नाही, मी तसंच करते. फक्त जुना २२ इंची उभा करून लावायचा विचार असेल तर आधी पॅनल बघा. बरेच जुने टीएन पॅनलचे असतात, ते वरून-खालून बघितलं की रंग उतरतो, आणि उभा फिरवला की तीच बाजू डावी-उजवी होते, म्हणजे दोन डोळ्यांना कागद वेगवेगळ्या रंगाचा दिसतो. दिवसभर त्याकडे बघून डोकं दुखणारच. शिवाय विंडोजचं क्लिअरटाइप हे आडव्या ओळीत शेजारीशेजारी मांडलेल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या हिशोबाने अक्षर गुळगुळीत करतं, उभ्या मॉनिटरवर कडांना रंगीत झाक येते. आडवाच ठेवा.

आणि मिक्सरचं कोणी बोललंच नाही.

बेळगावचा_मीटर:
मिक्सरचं मी सांगतो, माझं कामच विजेचं. मिक्सरची मोटर चालू-बंद होताना तिच्या ब्रशवर ठिणग्या पडतात, त्याचा झटका वायरिंगमधून आणि हवेतूनही पसरतो आणि व्हिडिओ केबल अँटेनासारखी तो पकडते. मॉनिटरचा सिग्नल क्षणभर तुटतो, परत जुळायला एक-दोन सेकंद लागतात, तेवढा वेळ काळं. याने मॉनिटर खराब होत नाही. गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवरून उठलं की मॉनिटर काळा होतो असंही होतं, खोटं वाटेल पण डिस्प्लेलिंक या कंपनीने त्यांच्या मदतीच्या पानावर हे कारण स्पष्ट लिहिलंय.

करायचं काय, तर केबल लागेल तेवढीच लांब घ्या, दीड-दोन मीटरच्या वर नको, आणि टोकाजवळ जाड गाठीसारखा फेराइट, म्हणजे असले झटके अडवणारा तुकडा, असलेली मिळाली तर उत्तम. ती पॉवरच्या वायरीबरोबर गुंडाळून ठेवू नका. मॉनिटर आणि मिक्सर एकाच बोर्डावर किंवा एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर वेगळे करा. आणि सगळ्यात आधी त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरात तिसऱ्या पिनच्या भोकामागे वायरच नसते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तीही एक खूण असू शकते.

एअर_पुणे:
धाग्याला जरा फाटा फोडतो. माझ्याकडे एम१ मॅकबुक एअर आहे, दोन मॉनिटर लावायचेत, वरचीच युक्ती चालेल का?

तिसरा_मजला:
नाही चालणार. एम१ आणि एम२ एअर बाहेरचा एकच मॉनिटर देतात, चिपचीच मर्यादा आहे, हब किंवा केबल बदलून उपयोग नाही. एम३ एअरला लॅपटॉप मिटवून दोन चालतात, एम४ एअरला उघडा ठेवूनही. तुम्हाला डिस्प्लेलिंकचा डॉक घ्यावा लागेल, तो ड्रायव्हर टाकून चित्र दाबून यूएसबीच्या डेटातून पाठवतो. एक्सेल, ब्राउझर, कोड यांना छान, पण मॅकवर तो स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतो आणि त्यामुळे कॉपी-संरक्षण असलेले सिनेमे काळे दिसतात. आणि विंडोजवाल्यांना एका टाइप-सीवरून एमएसटी हबने दोन वेगळी चित्रं मिळतात ते ऐकून तसला हब घेऊ नका, मॅकओएस ते करत नाही, दोन्हीकडे सारखंच दिसेल.

कृष्णाकाठ:
केबल आली. लावल्या लावल्या ६० हर्ट्झ, कलर फॉरमॅट आरजीबी, आणि लाल खुणा अशा सुईने कोरल्यासारख्या! 'सर्वांचं' टाइप करून बघितलं पानोपानी, रफार वेगळा, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. सगळ्यांचे मनापासून आभार, मॉनिटर परत करायचं रद्द. मिक्सर दुसऱ्या बोर्डावर नेला तर काळं होणं बरंच कमी झालं, अर्थिंग बघायला वायरमनला सांगितलंय. जुना मॉनिटर डावीकडे आडवाच लावला, मेल आणि कोशासाठी.

दोन गोष्टी राहिल्या. लाईट गेली की मॉनिटर बंद होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन गर्दी करतात, परत लाईट आली की मांडणी विस्कटलेली. आणि माझा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे, संध्याकाळी मान भरून येते, मॉनिटरचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत ठेवा असं सगळीकडे वाचलं तसाच ठेवलाय.

गोदावरी_काठची:
खिडक्यांसाठी डिस्प्ले सेटिंगमध्येच मल्टिपल डिस्प्लेज उघडा, त्यात मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. मॉनिटर सुटला की त्यावरच्या खिडक्या मिनिमाइझ करायचाही आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर मॉनिटर सरळ त्याच्यावरच घ्या, असा मॉनिटर साधारण जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्यापेक्षाही कमी वीज खातो, नसेल तर छोटा यूपीएस.

चष्म्याचं महत्त्वाचं. वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत हा नियम एकाच नंबरच्या चष्म्यासाठी. दुहेरी भिंगात जवळचं बघायला खालचा भाग वापरतो, त्यामुळे स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मानेवर येतं. स्टँड जाईल तेवढा खाली घ्या आणि स्क्रीन थोडी मागे कलवा. स्टँड खाली जात नसेल तर मागे चार स्क्रूची भोकं आहेत का बघा, १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरची, तिथे टेबलाला कसायचा आर्म लागतो. आणि चष्मेवाल्याकडे स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो, जाताना स्क्रीनपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून नेऊन सांगा.