कमी खर्चातील विज्ञान-भयपट मनाची पकड का घेतात?

प्रश्न : डोळे दिपवणारे खर्चिक चित्रपट मी लगेच विसरतो, मात्र तुटपुंज्या पैशांत केलेले विज्ञान-भयपट अनेक दिवस मनात घोळत राहतात. यामागे निश्चित असे काही कारण असावे का?

प्रतिसाद १ : १९९७ सालचा कॅनडातील ‘क्यूब’ पाहावा. असंख्य खोल्यांचा चक्रव्यूह दाखवणाऱ्या या चित्रपटासाठी पूर्ण अशी एकच खोली उभारली होती आणि भिंतींचे रंगीत फलक बदलून ती दर वेळी नवी भासवली गेली. पात्रांना कोणी व का कोंडले, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. माझ्या मते खरी भीती त्या मौनातच आहे.

प्रतिसाद २ : सहमत, परंतु तुटपुंजेपणाचे उदात्तीकरण नको, असे बहुतेक चित्रपट रटाळच असतात. २०१३ चा ‘कोहिरन्स’ मात्र अपवाद आहे. तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात चित्रित झाला आणि नटांना संहितेऐवजी केवळ आपापल्या पात्रापुरत्या सूचना मिळत असल्यामुळे, धूमकेतूच्या रात्री जेवायला जमलेल्या मित्रांच्या चेहऱ्यांवरील गोंधळ बराचसा खरा वाटतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘क्यूब’मध्ये मूळ संख्यांची कोडी आहेत असे ऐकले आहे, तेव्हा ‘कोहिरन्स’पासून सुरुवात करतो.