क्षण संपला की 'मी'ही संपतो का?

प्रश्न
बौद्धांच्या क्षणिकवादात प्रत्येक वस्तू एकच क्षण टिकते. मग सकाळी आंबा पाहणारा आणि संध्याकाळी 'हाच तो आंबा' म्हणणारा, हे दोघं वेगळे ठरतात. आठवतं मग कुणाला? आणि क्षण म्हणजे नेमका किती वेळ?

उत्तर १
आधी मोजमाप. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथातलं कोष्टक असं: १२० क्षण = १ तत्क्षण, ६० तत्क्षण = १ लव, ३० लव = १ मुहूर्त, ३० मुहूर्त = १ अहोरात्र (दिवस आणि रात्र मिळून). गुणाकार करा, दिवसाचे ६४,८०,००० क्षण होतात. म्हणजे एक क्षण सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग.

पण या आकड्यावर वाद घालत बसू नका, क्षणिकवादासाठी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने केलेला युक्तिवाद त्यावर उभाच नाही. त्याचं म्हणणं, जे काही कार्य करतं तेच सत्, म्हणजे खरोखर असलेलं. कणगीतलं बी अंकुर देत नाही, शेतातलं देतं. माती-पाण्याची साथ लागते म्हणाल, तर त्यांनी बियात काही भर घातली का? घातली तर बी बदललं. नाही घातली तर त्यांची गरज काय? म्हणजे कणगीतलं आणि शेतातलं बी एकच टिकून राहिलेलं नाही, क्षणोक्षणी नवं आहे. नैयायिक, म्हणजे टिकणारा आत्मा मानणारे न्याय दर्शनाचे लोक, इथे सामर्थ्य असणं आणि कार्य करणं वेगळं काढतात (बियात सामर्थ्य आधीपासूनच असतं, कार्य साथ मिळाल्यावर होतं), आणि माझ्या मते तेच त्यांचं खरं उत्तर आहे.

उत्तर २
आठवणीबद्दल. बौद्ध 'संतान', म्हणजे क्षणांची अखंड साखळी, मानतात: आधीचा क्षण पुढच्या क्षणात वासना, म्हणजे अनुभवाचा ठसा, सोडून जातो. दाखला कापसाचा. सरकी लाखेच्या रंगात भिजवून पेरली की बोंडात लाली उतरते असं ते म्हणतात, मधे तेच बी टिकून राहावं लागत नाही. मैत्र आणि चैत्र ही दोन माणसं धरा: मैत्राने पाहिलेलं चैत्राला आठवत नाही, कारण संतान वेगळं.

एक गल्लत नेहमी होते. ज्ञान क्षणभंगुर आहे हे नैयायिकांनाही मान्यच आहे. त्यांच्याकडेही ज्ञान तिसऱ्या क्षणी नष्ट होतं. भांडण ते ज्ञान ज्याच्या आश्रयाने राहतं त्या आत्म्याचं आहे. न्याय दर्शनाचा मूळ ग्रंथ न्यायसूत्र, त्यातलं ३.१.१ पाहा: डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने चाचपलेलं एकच आहे, हे जुळवणारा कुणी तरी हवा.

प्रश्नकर्ता
कार्यकारण पुरेसं असेल, तर गुरूच्या ज्ञानातून शिष्याचं ज्ञान निपजतं. मग गुरूचा अनुभव शिष्याला का आठवू नये?

उत्तर २
हाच आक्षेप नैयायिक घेतात. बौद्ध म्हणतात, गुरू फक्त सहकारी (मदत करणारं) कारण. उपादान कारण, म्हणजे ज्यातून कार्य घडतं ते मूळ कारण, शिष्याचाच आधीचा क्षण. पण उपादान ओळखायचं कसं? 'त्याच संतानातलं ते' म्हटलं तर अन्योन्याश्रय दोष येतो (दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या), कारण संतान एक का, हेच तर विचारलं होतं. रंग-आकार सारखा असणं ही कसोटी लावली, तर एका दिव्याने लावलेला दुसरा दिवाही त्याच संतानात बसेल.