शब्दचर्चा : 'शिएयी' – चित्र काढायचं की लिहायचं?

प्रश्न : चिनी चित्रकलेवर एक लेख लिहितेय. त्यातल्या 'शिएयी' शैलीला मी आधी 'मुक्त शैली' म्हटलं, पण मन मानेना. 'शिए' म्हणजे लिहिणं आणि 'यी' म्हणजे मनातला आशय. 'मुक्त' यात कुठेच नाही. दुसरा शब्द सुचतो का?

उत्तर : 'मुक्त' नकोच. त्याने वाटतं की मनाला येईल तसे फटकारे मारले. तसं अजिबात नाही. चिनी चित्रकार शू वेइ (1521–1593) यांची शाईतली द्राक्षं बघा. पानं म्हणजे नुसते ओल्या शाईचे डाग, पण एकही डाग भलतीकडे गेलेला नाही.

'लिहिणं' मात्र सोडू नका, सगळी गंमत तिथेच आहे. अक्षरांना आणि चित्राला कुंचला एकच, शाईही एकच. शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. चित्रकार आणि सुलेखनकार चाओ मंगफू (1254–1322) यांनी तर आपल्या एका चित्रासोबत कविताच लिहून ठेवलीय : खडक 'फेइबाइ'सारखा हवा (कोरडा कुंचला ओढला की मध्ये पांढऱ्या रेघा सुटतात, ते फेइबाइ), झाड जुन्या मुद्रालिपीसारखं (शिक्क्यांवर दिसते ती प्राचीन चिनी लिपी), आणि बांबू लिहायचा तर चिनी अक्षराचे आठही मूळ फटकारे हातात मुरलेले हवेत. बांबू 'लिहायचा', हे त्यांचंच क्रियापद.

आपल्यालाही हे परकं नाही. उषेला तरुणांची चित्रं काढून दाखवणारी सखी कोण? चित्रलेखा! संस्कृतात 'आलेख्य' म्हणजे चित्रच. 'लिख्' धातूत ओरखडणं, रेघ ओढणं आहे. मराठीत पुढे चित्र 'काढणं' आणि अक्षर 'लिहिणं' अशी वाटणी झाली, एवढंच.

मी 'भावलेखी चित्र' म्हणेन. नुसतं 'भावलेखन' म्हटलं तर ललित गद्य वाटेल.

प्रश्न : 'भावलेखी' आवडला. मग 'गोंगबी'ला काय म्हणू? बारीक रेघ, थरावर थर रंग, पाखराचं पीस न् पीस दिसतं, ती शैली.

उत्तर : 'गोंग'मध्ये कसब आहे, 'बी' म्हणजे कुंचला. 'बारीक कामाची चित्रं' हे साधं मराठी पुरे. उगाच संस्कृत जोडशब्द घडवू नका.

आणखी एक उत्तर : कागदाचे शब्दही लेखात घ्या. शुआन, म्हणजे चिनी चित्रांचा आणि सुलेखनाचा पारंपरिक कागद, दोन तऱ्हेचा. 'शंग' म्हणजे कच्चा : शाई टेकली की पसरते, रेघ मागे घेता येत नाही. भावलेखी चित्रं बहुतेक यावरच. 'शू' म्हणजे शिजलेला, पिकलेला : त्याला तुरटी-सरसाचं पाणी दिलेलं असतं, त्यामुळे शाई जागची हलत नाही आणि बारीक काम जमतं. आपला 'पक्का' शब्दही 'पक्व'वरून आला, म्हणजे शिजलेला किंवा पिकलेलाच. तेव्हा बेधडक 'कच्चा कागद' आणि 'पक्का कागद' लिहा. चिनी शब्दाचा अर्थ कणभरही सांडत नाही.