सकाळच्या बॅचमध्ये लेन कोणाची? – एका पोस्टला उत्तर आणि त्यावरील चर्चा

शहापूरचा रहिवासी (धागा सुरू करणारा)

आपल्या बेळगाव शहरातील सार्वजनिक जलतरण तलावाविषयी परवा एका तरुणाने लिहिले, की सकाळी सहा ते सात ही वेळ फक्त 'खरे पोहणाऱ्यांसाठी' राखून ठेवावी, शिकाऊ मुलांनी आणि गुडघेदुखीवाल्यांनी दहानंतर यावे. त्या गुडघेदुखीवाल्यांपैकी मी एक आहे. मला ते वाक्य लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या मंगळवारी मी दुसऱ्या लेनमध्ये, म्हणजे दोऱ्यांनी आखलेल्या दुसऱ्या पट्टीत, भिंतीकडे येत असताना समोरून बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम फेकून पोहण्याचा प्रकार) मारत आलेल्या एका मुलाचा हात माझ्या खांद्यावर इतक्या जोराने बसला, की माझा गॉगल निघून तळाशी गेला. त्याने डोके वर काढले, "काका, बाजूला थांबा" एवढेच म्हटले आणि भिंतीला पाय लावून तो परत सुटला. गॉगल काढायला मला खाली बुडी मारावी लागली.

माझे म्हणणे असे, की आपल्याकडे जागा कमी आहे हे खरे असले तरी भांडण जागेमुळे होत नाही, शिस्त नसल्यामुळे होते. तलाव 25 मीटरचा आहे आणि एक लेन साधारण अडीच मीटर रुंद आहे. दोघांनी ती उभी वाटून घेतली, तर प्रत्येकाला सव्वा मीटर मिळते आणि तिसऱ्याला काठावर बसावे लागते. त्याऐवजी सर्वांनी रस्त्यासारखे डावीकडून जावे आणि डावीकडूनच यावे. मग 50 मीटरची फेरी होते आणि पाच जण पोहले तरी दोघांमध्ये दहा मीटर अंतर राहते. तो तरुण 25 मीटर 25 सेकंदांत जात असेल आणि मला 50 सेकंद लागत असतील, तर माझ्या प्रत्येक फेरीत तो मला एकदाच गाठेल. त्या वेळी मी भिंतीच्या कोपऱ्यात पाच सेकंद थांबलो, की तो पुढे निघून जाईल. यासाठी मला तलावाबाहेर काढण्याची काय गरज आहे?

लेन पोहणारा (मूळ पोस्ट लिहिणारा)

काका, तो हात माझाच होता. मी तिथेच क्षमा मागायला हवी होती, ती आता मागतो. पण माझी बाजूही ऐकून घ्या. मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतो आणि माझी पाळी आठ वाजता सुरू होते, त्यामुळे सहा ते सात ही माझी एकमेव वेळ आहे. तुमचे गणित कागदावर बरोबर आहे, पण तुम्ही ज्या भिंतीच्या कोपऱ्यात थांबणार म्हणता, त्या भिंतीच्या बरोबर मध्यभागी रोज चार जण पाठ टेकून उभे असतात आणि भाताच्या दरापासून मुलीच्या लग्नापर्यंत सर्व विषयांवर बोलतात. मला वळायला भिंत लागते आणि तिथे माणसांची पोटे असतात. दोरीखालून एखादे लहान मूल अचानक समोर येते, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकतो. उद्या त्याला माझा पाय लागला, तर सगळे मलाच धरतील.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

या तरुणाचे भिंतीबाबतचे म्हणणे मला मान्य आहे, पण माझी मुख्य तक्रार पाण्याची आहे. निम्म्याहून अधिक लोक अंघोळ न करता थेट उतरतात. डोळे चुरचुरले, की "आज क्लोरीन जास्त टाकले" म्हणून कर्मचाऱ्यांवर ओरडतात, परंतु तो उग्र वास बहुतेक वेळा घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळल्यामुळे येतो. मुलांची गर्दी कमी झाली, तर पाणीही सुधारेल, म्हणून मुलांसाठी वेगळी वेळ असावी या मताचा मी आहे.

वडगावची आई

सर, घाम मोठ्यांनाही येतो. मुलांना दहानंतर पाठवा असे म्हणणे सोपे आहे. शाळा असते तेव्हा मुले दहाला वर्गात असतात, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला माहीत असणार? माझ्या माहेरच्या गावी दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात आमच्या शेजारचा मुलगा बुडाला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याची चप्पल काठावर नीट जोडून ठेवलेली होती. ती चप्पल मी अजून विसरलेले नाही, म्हणूनच मी माझ्या दोन्ही मुलांना पोहायला घालते. संयुक्त राष्ट्रांनी 2021 पासून 25 जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी पाळायला सुरुवात केली, एवढा हा प्रश्न गंभीर आहे. वेगाने पोहणाऱ्याचा सराव एक दिवस चुकला तर चालेल, पण मुलाला पोहता आलेच पाहिजे.

आणि वेळेचा विषय निघालाच आहे, तर महिलांची वेळ अकरा ते बारा कोणी ठरवली, तेही सांगा. मी बँकेत नोकरी करते.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

ताई, सकाळी महिलांना कोणीही अडवलेले नाही. तलाव सर्वांचा आहे. स्वतः यायचे नाही आणि वेळेला दोष द्यायचा, हे योग्य नव्हे.

वडगावची आई

सर, मी आले होते. फेब्रुवारीत सलग तीन दिवस मी पावणेसहाला दाराशी होते आणि तिन्ही दिवस महिलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीला कुलूप होते. चावी दहाला येणाऱ्या बाईंकडे असते, असे मला सांगण्यात आले. ओल्या कपड्यांवर ओढणी गुंडाळून मी गाडीवर घरी गेले. "कोणी अडवलेले नाही" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका.

कॅम्पातील विद्यार्थिनी

अक्का, तुमचा राग मला समजतो, परंतु महिलांसाठी वेगळी वेळ हवी, हे मला पटत नाही. वेगळी वेळ दिली, की उरलेला सगळा वेळ आपोआप पुरुषांचा ठरतो. मला सहाच्या बॅचमध्येच पोहायचे आहे.

वडगावची आई

तुला चालत असेल, बाळ, आणि त्याचा मला आनंद आहे. माझ्या सासूबाईंना चाळीस पुरुषांसमोर पाण्यात उतरवत नाही. त्यांचे वय बासष्ट आहे आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितले आहे. त्यांनी काय करावे? तुझ्या तत्त्वासाठी त्यांनी घरी बसावे काय?

कॅम्पातील विद्यार्थिनी

मी तसे म्हटलेले नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. सासूबाईंसाठी संध्याकाळी वेगळा तास असावा, हे मी मान्य करते, पण त्याच्या बदल्यात सकाळचे कुलूप कायम राहणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

खानापूर तालुक्यातील शेतकरी

मी विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. पुढे उन्हाळ्यात मलप्रभेच्या डोहात उतरू लागलो. विहीर केवढी असते, हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यात आम्ही पंधरा पोरे असायचो. मुटका मारण्याआधी वरून हाळी द्यायची, खालच्याने हात वर केल्याशिवाय उडी घ्यायची नाही आणि पायऱ्यांजवळचे पाणी नवशिक्यांचे, हे नियम आम्हाला कोणी लिहून दिलेले नव्हते. मोठी पोरे ते पाळून घेत असत. तुमच्याकडे जीवरक्षक आहे, त्याने शिट्टी फक्त वेळ संपल्यावरच का वाजवावी?

दुसरे म्हणजे नियमांचा फलक मराठीतही असायला हवा. मला त्यावरचे कन्नड नीट वाचता येत नाही.

शहापूरचा रहिवासी

अण्णा, फलक मराठीत असावा, ही मागणी रास्त आहे आणि ती करणाऱ्यांत मीही आहे. परंतु पोहणाऱ्याला पाण्यातून फलक दिसत नाही. प्रत्येक लेनच्या काठावर दोन बाण रंगवावेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. ते माझ्या कन्नड शेजाऱ्यालाही कळतील आणि तुम्हालाही. विहिरीतील पायऱ्यांचे उदाहरण मला फार पटले. उथळ बाजूच्या दोन लेन मुलांना आणि शिकणाऱ्यांना द्याव्यात, दोन आमच्यासारख्या संथ पोहणाऱ्यांना आणि दोन वेगवान पोहणाऱ्यांना. भिंतीपाशी थांबणाऱ्याने कोपरा धरावा. गप्पा मारणाऱ्या त्या चौघांमध्ये कधीकधी मीही असतो, तेव्हा ती सवय मी सोडतो.

लेन पोहणारा

दोनच लेन का, असे मी विचारणार होतो, पण आमच्यापैकी रोज येणारे सात-आठच जण आहेत, त्यामुळे ते पुरेल. समोरून कोणी येत असताना मी बटरफ्लाय मारणार नाही, कारण सव्वा मीटरमध्ये दोन्ही हात मावत नाहीत, हे मला त्या मंगळवारी कळले. मुलांविषयीची माझी ओळ मी मागे घेतो. मात्र दोरीखालून मूल आले, तर ते कोणाचे आहे, हे मी मोठ्याने विचारणारच.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

अंघोळीचा मुद्दा कोणीच घेतलेला दिसत नाही. असो. कुलपाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. अर्ज लिहिणार असाल, तर तो मी लिहून देतो आणि त्यात अंघोळीचे कलमही घालतो.

वडगावची आई

अर्जात अंघोळ जरूर घाला, सर, पण पहिले कलम चावीचे असू द्या. सोमवारी पावणेसहाला मी पुन्हा दाराशी असेन आणि या वेळी सासूबाईही बरोबर असतील.