सकाळी टाच टेकवत नाही: इनसोल घेऊ, बूट घेऊ की डॉक्टर गाठू?

वर्गातली_ताई:
मंडळी, सल्ला हवाय. दोन महिने झाले, उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, आठ-दहा पावलं भिंत धरून चालते, मग जरा सैल पडतं. दुपारी बसून उठलं की परत तेच. शिकवण्याचं काम आहे, सहा तास उभी असते. सध्या हात आखडता आहे, त्यामुळे इनसोल, बूट नाहीतर डॉक्टरची फी, यातलं एकच काहीतरी जमेल. आणि डॉक्टर म्हणजे हाडांचे की पायांचे वेगळे असतात ते?
ता.क. आईच्या करंगळीला कुरूप झालंय, कॉर्न कॅप आणलीय, ती चालते ना?

रोज_धावतो:
ताई, बजेटचं बाजूला ठेवा, बूट चांगलेच घ्या. मला हेच झालं होतं, चांगल्या कंपनीचे महागातले रनिंग शूज घेतले, पंधरा दिवसांत फरक. तेव्हापासून वर्षाला दोन जोड घेतो कारण बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसतो, वरून बूट कितीही नवा दिसू दे. मागच्या महिन्यात हाफ मॅरेथॉन केली, टाचेने हूं की चूं केलं नाही.

सांजसावली:
हे प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याचं दुखणं. माझ्या एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं निघालं होतं, म्हणून दुखत होतं. सिलिकॉनचा हील कप, म्हणजे बुटात टाचेखाली ठेवायची मऊ गादी, घ्या, फक्त दोन्ही पायांत घाला, एकाच पायात घातला तर कंबर धरते. मी तीच चूक केली होती.

फिजिओ_मी:
सांजसावली, वाढलेल्या हाडामुळेच दुखतं असं नसतं हो. तसं हाड कितीतरी लोकांच्या एक्सरेत दिसतं आणि त्यांना काहीच दुखत नसतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो टाचेला जिथे चिकटतो तिथे दुखणं असतं. रात्रभर तो आखडलेला असतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.
ताई, उठायच्या आधी, पलंगावरच हे करा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, दोरी ताणल्यासारखं लागलं की बरोबर ओढलंय. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवा, पण मोजा घालून. फुकटात होतं सगळं, पण रोज केलं तरच. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, मात्र महिने लागतात.

वैतागलेला_पाय:
महिने काय, माझं दीड वर्ष चाललं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सहा आठवडे स्वर्ग आणि मग होतं तसंच. परत परत घेतलं तर टाचेची गादी पातळ होते, पट्टा तुटूही शकतो, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी का नाही सांगितलं, याचा राग अजून आहे. तुम्ही विचारून घ्या, ताई.

मोकळे_पाऊल:
बुटांनीच पाय कमजोर होतात. मी तीन वर्षं अनवाणी चालतोय, एकदाही टाच दुखली नाही.

रोज_धावतो:
मातीवर ठीक आहे, पण आत्ता दुखत असताना कडक फरशीवर अनवाणी? ताई, अजिबात नको.

मोकळे_पाऊल:
मी पण फरशीवरच चालतो. सवय हळूहळू करायची असते, लोक एका दिवसात सुरू करतात आणि मग बोंबलतात.

फिजिओ_मी:
सध्या घरातही मऊ सपाता घाला, ताई. अनवाणीचं दुखणं थांबल्यावर बघू.

कोपऱ्यातलं_नख:
थोडं अवांतर, पण पायाचं चाललंय म्हणून. माझ्या अंगठ्याचं नख बाजूने मांसात रुतलं, मी घरीच कोपरे खोल कापत बसलो, जितकं कापलं तितकं आत गेलं. शेवटी पू झाला, बधिर करून नखाची कड काढावी लागली. नख सरळ कापा, गोलाई नको, आणि पुढे निमुळते बूट नकोत. चिघळलं तर डॉक्टरच. आठवडाभर गोधडीसुद्धा बोटाला लागू देत नव्हतो.

सांजसावली:
हील कप घ्याच पण. दोन्ही पायांत.

बाबांची_मुलगी:
सगळे टाचेवर बोलताय, त्या ता.क.कडे कुणाचं लक्षच नाही. ताई, आईंना शुगर आहे का? असेल तर ती कॉर्न कॅप लावू नका. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही, आणि पायाची जाणीव कमी असेल तर जळलेलं कळतच नाही.
माझ्या बाबांच्या बुटात हरभऱ्याएवढा खडा होता. दिवसभर चालले. संध्याकाळी मोजा काढायला गेले तर तो तळव्याला चिकटलेला, ओढल्यावर खाली ओलं. त्यांना काही दुखलंच नव्हतं, म्हणून आम्हीही चार दिवस हळद लावत बसलो. पाचव्या दिवशी बोट काळं. एक बोट गेलं. दुखतंय म्हणणारा पाय निदान सांगतो तरी, बाबांचा पाय काही बोललाच नाही.

वर्गातली_ताई:
आईला १२ वर्षं शुगर आहे. कॅप काल रात्रीच लावली. आत्ता बघितलं, कडेची कातडी पांढरी पडलीय. तिला दुखत नाहीये म्हणून मी निश्चिंत होते.

रात्रपाळी:
नर्स आहे. ताई, कॅप आत्ता काढा, साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधे कोरडं करा, स्वच्छ गॉज ठेवा. कापायचं नाही, खरवडायचं नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचा नाही. उद्याच दाखवा.
जाणीव घरी बघता येते. आईंना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तुमचं बोट हलकेच टेकवा, सेकंदभर, दाबू नका. कळलं की त्यांनी 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झालीय असं धरा.
आणि लाली पसरत असेल, पाय गरम आणि सुजलेला असेल, वास, पू, काळपटपणा, ताप, यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट बघू नका, दुखो न दुखो.

वर्गातली_ताई:
केलं. सहापैकी तीन. डाव्या मधल्या बोटाला मी बोट टेकवलेलं होतं आणि ती म्हणतेय, "लाव ना, कधी लावतेस?" लाली-ताप काही नाही. उद्या सकाळी नेते.

रोज_धावतो:
नक्की न्या ताई. बूट राहू द्या.

फिजिओ_मी:
डायबेटिक फूट क्लिनिक किंवा पोडिॲट्रिस्ट (पायांचे तज्ज्ञ) असेल तर तिथे, नाहीतर शुगरचे डॉक्टर, सर्जनही चालतील, पण मोजे काढून पाय बघणारे हवेत. तुमच्या टाचेसाठी आधी व्यायाम. पण टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ आली, रात्री झोपेत दुखायला लागलं, सूज किंवा मुंग्या आल्या, तर तुम्हीही दाखवा. बारीक फ्रॅक्चर किंवा नस दबलेली असू शकते.

वर्गातली_ताई: (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी ब्लेडने कुरपाचे थर काढले तर खाली मुगाच्या डाळीएवढी जखम निघाली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वेळेवर आणलंत म्हणाले. घोट्याजवळची नाडी बघितली, रक्तपुरवठा ठीक आहे. आईचे बूट पुढे अरुंद होते, करंगळी सतत घासत होती, ते बंद. दर आठवड्याला ड्रेसिंगला जातोय, जखम निम्मी झालीय. बाबांची_मुलगी आणि रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.
पैसे तिकडेच लागले, त्यामुळे इनसोल नाही, हील कप नाही, बूट नाही. घरातले जुने जाड तळाचे सँडल घालते, पलंगावरचा ताण रोज करते. भिंत धरावी लागते ती आता तीन-चार पावलंच. आता आईसाठी रुंद बूट घ्यायचेत, माप कसं घेऊ?

सांजसावली:
छान झालं ताई. तरी हील कप बघाच एकदा.

बाबांची_मुलगी:
संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. उभं करून दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, आत शिवण टोचायला नको. "बसतो का गं?" एवढंच विचारू नका, त्यांना सांगता येणार नाही. पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा, कापा आणि तो कागद बुटात घालून बघा, दुमडला तर बूट अरुंद. आणि घालायच्या आधी रोज बूट उलटा करून झटका, आत हात फिरवा. आमच्याकडे ते काम माझं आहे.