जबड्याच्या सांधेदुखीवर स्प्लिंट घ्यावी का?

मनवा:
सकाळी उठलं की कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्यात ठणकतं. जांभई देताना कट्‌कन आवाज येतो. घरचे म्हणतात, मी झोपेत दात खाते. डेंटिस्टनी रात्री घालायची स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं आवरण, सुचवली आहे. त्यापेक्षा गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायची तयार मिळते ती चालेल का? वापरलेल्यांनी कृपया सांगा.

रानजाई:
तयार नको. दातांचं माप देऊन कडक अ‍ॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी करून घ्या. फक्त पुढचे दात झाकणारी बरेच महिने घातली तर दाढा हळूहळू वर येऊन चावाच, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवणच, बदलू शकतो. माझी बसवताना डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला. जिथे ठिपका गडद उमटला तिथे स्प्लिंट घासली, परत कागद, परत घासली, सगळ्या दातांवर दाब सारखा येईपर्यंत. हे न करता नुसती हातात दिली तर परत जाऊन करून घ्याच. पहिले काही दिवस लाळ फार सुटते, मग सवय होते. धुवायची गार पाण्याने, गरम पाण्यात ती वाकडी होते.

फिजिओ_ऋ:
मनवाताई, स्प्लिंट दातांची झीज वाचवते. दुखणं थांबेलच असं नाही. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत भर आहे जबड्याचे व्यायाम, स्नायूंचा मसाज आणि समुपदेशनावर. स्प्लिंटची सरसकट शिफारस नाही. त्यामुळे ती घेतलीत तरी दिवसाकडे लक्ष द्या: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. कामाच्या नादात दात आवळले जातात, ते सुटे करत राहा. आणि दुखण्यासाठी कुणी दात झिजवून चावा कायमचा बदलू म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मनवा:
खूप आभार दोघांचे! आवाजाची काळजी करावी का? आणि मी घोरतेही.

फिजिओ_ऋ:
नुसता आवाज, दुखत नसेल तर सोडून द्या. जबडा अडकून तोंड उघडेनासं झालं तर लगेच दाखवा. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखू लागलं, चावताना जबडा भरून आला आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, तो रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो.

रानजाई:
घोरता हे डॉक्टरांना दातांचं माप देण्याआधीच सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर काहींना वरच्या दातांवरच्या स्प्लिंटने त्रास वाढतो.